डिश एकाच टोकाला लावून शेतावर वायफाय येत नाही

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: 24 डीबीआयची जाळीची डिश गच्चीवर लावा, 10 किलोमीटरवरच्या शेतात मोबाइलवर घरचं वायफाय मिळेल. तिकडे काही लावायला नको. मधे झाडं असली तरी हरकत नाही. डीबीआय जास्त तितकी पॉवर जास्त. लायसन्स लागत नाही, तेव्हा पॉवर हवी तेवढी वाढवा. जगात 382 किलोमीटरवर वायफाय चाललंय, मग आपलं शेत ते काय!

राऊ, महू, सिमरोलकडे शेती असलेली बरीच मंडळी विहिरीवर कॅमेरा बसवायच्या विचारात आहेत. त्यांचे पैसे पाण्यात जाऊ नयेत म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“डीबीआय जास्त तितकी पॉवर जास्त.” अँटेना पॉवर तयार करत नाही. रेडिओकडून, म्हणजे सिग्नल पाठवणाऱ्या-घेणाऱ्या यंत्राकडून, आलेलीच ताकद ती एका दिशेला गोळा करते. किती गोळा करते, ते डीबीआय सांगतं. 24 डीबीआय म्हणजे, चहूकडे सारखी पसरली असती त्याच्या सुमारे 250 पट, पण फक्त त्या एका दिशेला. इतर दिशांच्या वाट्याचं काढूनच हे मिळतं. त्यामुळे झोत अरुंद होतो, साधारण 8 अंशांचा. 10 किलोमीटरवर डिश एक अंश हलली तर झोताचा मध्य 175 मीटर बाजूला जातो. म्हणून पोल पक्का हवा आणि डिश नेमकी रोखायला हवी. एकानं गच्चीवर डिश तसूतसूनं फिरवायची, दुसऱ्यानं आकडा वाचायचा. फिरवता फिरवता सिग्नल −78 डीबीएमवर (हे सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितका सिग्नल जोरदार) येतो, पुढे पडतो, आणि बरेच जण मागे येऊन −78 वरच नट आवळतात. तो बाजूचा छोटा झोत असतो. आणखी थोडं फिरवलं की खरा झोत सापडतो आणि आकडा −60 च्या आसपास येतो. उभ्या दिशेलाही हेच करावं लागतं.

“तिकडे काही लावायला नको.” मेसेजमधलं सगळ्यात नुकसान करणारं वाक्य हेच. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ फ्रिक्वेन्सीला 10 किलोमीटरमध्ये, मधे काहीही आड नसताना, सुमारे 120 डेसिबल जातात (दर 10 डेसिबलला ताकद दहावा हिस्सा उरते). नियमात बसेल एवढी पूर्ण ताकद डिशमधून सोडली तरी फोनपर्यंत पोचतं −87 डीबीएमच्या आसपास. हा झाला कागदावरचा हिशेब. फोन असतो हातात, जमिनीपासून दीड मीटरवर, म्हणजे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. शिवाय बोलणं दोन्ही बाजूंनी व्हायला हवं. फोनचा क्षीण आवाज शहरातल्या डिशला ऐकू यायला हवा, आणि तिच्या झोतात वाटेवरच्या कॉलन्यांमधले सगळे राउटर ओरडत असतात. शेतावरही तशीच डिश पोलवर चढवली तर तोच आकडा −60 वर येतो. त्यावर कॅमेरा आरामात चालतो. खर्च दोन डिशचाच धरा, आणि शेतावर विजेची सोय आधी बघा.

“मधे झाडं असली तरी चालतं.” नाही चालत. एखादं दाट झाड सहज 10 डेसिबल खातं, म्हणजे दहातला एक हिस्सा उरतो. सिमरोल-चोरलच्या बाजूला साग आहे. तो उन्हाळ्यात निष्पर्ण असतो, तेव्हा जोडलेली लिंक पावसाळ्यात पानं फुटली की तुटते. शिवाय समोरचा पोल डोळ्यांना दिसला म्हणजे झालं असंही नाही. सरळ रेषेभोवती लांबट फुग्यासारखी जागा मोकळी लागते, तिला फ्रेनेल झोन म्हणतात. 10 किलोमीटरच्या मध्यावर 2.4 गिगाहर्ट्झला तिची त्रिज्या पावणेअठरा मीटर येते, वायफायच्या दुसऱ्या, 5.8 गिगाहर्ट्झच्या फ्रिक्वेन्सीला साडेअकरा. त्यातला निदान 60 टक्के भाग मोकळा हवा. डिश विकत घेण्याआधी दुर्बीण घेऊन गच्चीवर जा आणि वाटेत कुठली इमारत उठते आहे तेही बघा.

लायसन्स लागत नाही, हे खरं. पण 2005 च्या नियमांत 2.4 गिगाहर्ट्झला मर्यादा आहेत: ट्रान्समीटर 1 वॉट, अँटेनातून निघणारी परिणामी ताकद (रेडिओची ताकद आणि डिशनं एका दिशेला केलेली वाढ मिळून) 4 वॉट, आणि अँटेना छतापासून 5 मीटरच्या आत. 24 डीबीआयच्या डिशमागे रेडिओ 16 मिलीवॉटच्या वर नेला की 4 वॉट ओलांडलेच. एक वॉट सोडलात तर ते 250 वॉट होतात, आणि झोतातल्या प्रत्येक घराचं वायफाय बिघडतं.

382 किलोमीटरचा विक्रम खरा आहे. 2007 मध्ये व्हेनेझुएलात एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांच्या चमूनं तो केला. दोन्ही टोकं डोंगरमाथ्यावर आणि दोन्हीकडे अँटेना. साधं वायफाय पोचपावतीसाठी काही मायक्रोसेकंदच थांबतं. एवढ्या अंतरावर ते चालत नाही, म्हणून त्यांना वायफायच्या वेळेचे नियमही बदलावे लागले. 10 किलोमीटरलाही जाऊन-येऊन 67 मायक्रोसेकंद लागतात, म्हणून बाहेरच्या रेडिओत अंतराचं सेटिंग असतं. ते भरायला विसरू नका.

वायरबद्दल मेसेज गप्प आहे. डिश गच्चीवर आणि राउटर खाली ठेवून मधे 15 मीटर आरजी-58, म्हणजे अँटेनाची पातळ वायर, ओढली, तर मीटरमागे साधारण एक डेसिबल जातो, म्हणजे 24 तले 15 वाटेतच संपतात. रेडिओ डिशच्या मागेच बसवा आणि खाली फक्त लॅनची वायर आणा, वीजही त्याच वायरीतून वर जाते. या फ्रिक्वेन्सींना पाऊस फारसा त्रास देत नाही. त्रास देतं ते कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी. पावसाळ्यानंतर सिग्नल पडला तर डिश हलवण्याआधी कनेक्टर उघडा. आत हिरवट थर दिसला तर तो कापून नवा लावा, वरून रबराची सेल्फ-अ‍ॅमलगमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप ताणून गुंडाळा, आणि वायरीला कनेक्टरच्या खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल.