सदोष व्हॉल्व्ह आढळल्यास नागरिकांनी घ्यावयाची काळजी

समजा, तुमच्या गावाला लागून अणुऊर्जा प्रकल्प उभा आहे, आणि त्याच्या सुरक्षा यंत्रणेतले चार व्हॉल्व्ह चाचणीत नीट चालले नाहीत. अशा वेळी जबाबदार नागरिकाने आधी काय करावे? स्वतःची तपासणी करून घ्यावी. व्हॉल्व्हचे काय ते सरकार बघेल. तुमचेही बघेलच, पण आपण होऊन गेलेले बरे दिसते.

तमिळनाडूत, तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या कुडनकुलमशेजारी इडिन्थकराई नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. तिथल्या लोकांना ही साधी गोष्ट वेळेत उमगली नाही. त्यांचे जे झाले त्यावरून आपण शहाणे व्हावे, म्हणून हा प्रपंच.

प्रकल्पाचा करार १९८८ चा, राजीव गांधी आणि गोर्बाचेव्ह यांच्यातला. हजार-हजार मेगावॉटच्या दोन सोव्हिएत भट्ट्या. पुढे सोव्हिएत संघच मोडीत निघाला, करार मात्र टिकला. मार्च २०११ मध्ये जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुप्रकल्पात स्फोट झाले आणि इडिन्थकराईच्या लोकांनी ते टीव्हीवर पाहिले. ही त्यांची पहिली चूक. समुद्रकाठी, अणुभट्टीजवळ राहणाऱ्याने बातम्या बघू नयेत, मालिका बघाव्यात. त्याच सुमारास प्रकल्पात चाचण्या सुरू झाल्या, मोठमोठे आवाज येऊ लागले. झाले, लूर्द मातेच्या चर्चपुढे मांडव पडला आणि माणसे उपोषणाला बसली.

मांडव घालण्यापूर्वी प्रत्येकाने आपले बँकेचे पासबुक भरून आणावे. कारण फेब्रुवारी २०१२ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी सांगितले की, या विरोधामागे अमेरिकेतल्या स्वयंसेवी संस्था आहेत. हे त्यांनी एका अमेरिकी विज्ञान साप्ताहिकाच्या मुलाखतीत सांगितले. घरचे गाऱ्हाणे कोणाच्या ओसरीवर मांडावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. मग परकीय हात शोधायला सगळी यंत्रणा लागली. नागरकोइलच्या एका लॉजमधून एक जर्मन पर्यटक सापडला, त्याला परत पाठवून दिले. गंमत बघा, त्याच फेब्रुवारीत तिकडे रशियात झिओ-पोदोल्स्क या कारखान्याच्या खरेदी विभागाच्या संचालकाला अटक झाली. आरोप असा की, अणुप्रकल्पांच्या सामग्रीसाठी हलक्या प्रतीचे स्वस्त पोलाद घेतले आणि मधला पैसा खिशात घातला. हा कारखाना कुडनकुलमलाही माल पुरवणारा. पण हा परकीय हात आपण रीतसर निविदा काढून, पैसे मोजून घेतलेला होता. त्याचा संशय घेणे बरे नव्हे.

पासबुक झाले की डोके. केंद्र सरकारने बंगळूरुच्या निम्हान्स या मानसोपचार संस्थेला साकडे घातले, की आंदोलकांचे समुपदेशन करा. आम्हाला ही युक्ती फार आवडली, घरीही करून बघण्यासारखी आहे. कुकरची शिट्टी अडकली आणि बायको म्हणाली की गॅस बंद करा, तर कुकरकडे बघू नका. तिला शांतपणे विचारा, ‘तुला लहानपणापासून वाफेची भीती वाटते का गं?’ पुढे जे होईल त्याला आम्ही जबाबदार नाही.

कागदपत्रे मात्र चुकूनही मागू नका. काहींनी माहिती अधिकारात प्रकल्पाचा सुरक्षा विश्लेषण अहवाल मागितला. केंद्रीय माहिती आयोगाने २०१२ मध्ये तो द्यायचा आदेशही दिला. त्यावर प्रकल्प चालवणारे अणुऊर्जा महामंडळ थेट दिल्ली उच्च न्यायालयात गेले. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, ही तर हजारो कोटींची. शिवाय अहवालाची गरज काय? डॉ. अब्दुल कलाम नोव्हेंबर २०११ मध्ये येऊन प्रकल्प बघून गेले होते आणि पूर्ण सुरक्षित आहे असे सांगून गेले होते. सोबत परिसरासाठी दोनशे कोटींची दहाकलमी योजनाही त्यांनी सुचवली होती, त्यात एक मोठे रुग्णालय होते. प्रकल्प पूर्ण सुरक्षित. रुग्णालय आपले असावे म्हणून.

घाबरायचेच असेल तर निदान निवडणुकीचे वेळापत्रक बघून घाबरावे. लोकांची भीती दूर होईपर्यंत काम थांबवा, असा ठराव २०११ मध्ये तमिळनाडूच्या मुख्यमंत्री जयललितांच्या मंत्रिमंडळाने केला होता. १८ मार्च २०१२ ला तिथल्या शंकरनकोविल विधानसभा मतदारसंघाची पोटनिवडणूक झाली. १९ मार्चला त्यांनी प्रकल्पाला हिरवा कंदील दाखवला आणि पाचशे कोटींचे पॅकेज जाहीर केले. एका रात्रीत इतक्या लोकांची भीती दूर करणे निम्हान्सलाही जमले नसते.

एवढे करूनही प्रश्न पडतच असतील, तर पुढची तपासणी पोलीस ठाण्यात होते. कुडनकुलमच्या एकट्या ठाण्याने हजारो लोकांवर राजद्रोहाचे कलम लावले. गावची लोकसंख्या बघता, मतदार यादीच आरोपपत्राला जोडली असती तर शाई वाचली असती. १० सप्टेंबर २०१२ ला किनाऱ्यावर जमलेल्या बायाबापड्यांवर लाठ्या आणि अश्रुधूर चालला, लोक पळत समुद्रात शिरले. त्याच दिवशी मणपाड या किनाऱ्यावरच्या दुसऱ्या गावी पोलिसांच्या गोळीने एक मच्छीमार गेला. तीन दिवसांनी माणसे छातीएवढ्या पाण्यात हातात हात घालून उभी राहिली. कारण जमिनीवर उभे राहायला परवानगी नव्हती.

आता व्हॉल्व्हचे. एप्रिल २०१३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अध्यक्षांनीच सांगितले, की चाचणीत चार व्हॉल्व्हचे काम समाधानकारक आढळले नाही. कुठले व्हॉल्व्ह? वीज गेली, पंप थांबले, तरी गाभ्यात पाणी आपोआप सोडून भट्टी थंड ठेवणाऱ्या यंत्रणेतले. फुकुशिमात वीज गेल्यावरच तर सगळे घडले होते. म्हणजे ज्या गोष्टीला लोक घाबरत होते, नेमक्या त्याच गोष्टीसाठी बसवलेले. मग राजद्रोहाचा गुन्हा मंडळाच्या अध्यक्षांवरही दाखल झाला का? छे. ते नोकरीत होते, मांडवात नव्हते. भेद लक्षात ठेवावा.

६ मे २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पाला मान्यता दिली. सोबत पंधरा निर्देश दिले. सुट्या भागांच्या दर्जाची खात्री पटवून घ्या आणि मगच भट्टी सुरू करा, हे त्यातच. लोकांवरचे गुन्हे मागे घेण्यासाठी पावले उचला, हेही त्यातच. भट्टी १३ जुलैला रात्री अकराच्या सुमारास सुरू झाली. खटल्यांच्या तारखा मात्र पुढेही वर्षानुवर्षे पडत राहिल्या. यावरून काय गतीने व्हायला हवे आणि काय सावकाश, याचा अंदाज यावा.

१४ मे २०१४ ला प्रकल्पात सहा कामगार भाजले, व्हॉल्व्हच्याच देखभालीचे काम चालू असताना. पाइप वगैरे काही फुटला नाही, गरम पाणी सांडले, असा खुलासा झाला. त्यातले तीन जण कंत्राटी होते. आणि २०१९ मध्ये प्रकल्पाच्या संगणकांत व्हायरस शिरल्याची कुजबुज झाली, तेव्हा २९ ऑक्टोबरला ‘शक्यच नाही’ असे पत्रक निघाले आणि ३० ऑक्टोबरला ‘होय, प्रशासकीय जाळ्यात शिरला होता’ असे. अफवांवर विश्वास ठेवू नये. चोवीस तास थांबावे, त्या अधिकृत होतात.

हे सगळे तमिळनाडूतले, आपल्याला काय त्याचे, असे कोकणातल्या वाचकांनी म्हणू नये. जैतापूरला १६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच भट्ट्यांचा बेत आहे. त्याच जातीची भट्टी फ्रान्समध्ये फ्लामाँव्हिलला आहे. तिचा गाभा ज्यात असतो त्या पात्राच्या झाकणाच्या आणि तळाच्या पोलादात कार्बन प्रमाणाबाहेर असल्याचे तिथल्या नियामकाने २०१५ मध्ये जाहीर केले. मग, तूर्त चालवा, झाकण पुढे बदला, असे ठरले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती ग्रिडला जोडली गेली. जैतापूरशेजारच्या नाटे गावाने प्रकल्पविरोधी आंदोलनात एप्रिल २०११ मध्येच गोळीबार आणि एक मृत्यू बघितला आहे, त्यामुळे त्यांचा अभ्यास आपल्या पुढे आहे. बाकीच्या राजापूरकरांनी आतापासून फाइल करून ठेवावी: परदेशातून छदाम आलेला नाही असा बँकेचा दाखला, डोके ठिकाणावर असल्याचे सरकारी डॉक्टरचे पत्र, जर्मन पाहुणा घरी उतरलेला नाही असे शपथपत्र, पोलीस पाटलाचा चारित्र्याचा दाखला. सर्वांच्या तीन-तीन साक्षांकित प्रती. झाकणाचा दाखला मागू नये.