उंदीर चमकायचा थांबला, म्हणजे जिवाणू संपले?

सध्या एक दावा बराच फिरतोय: प्रकाश देणारी जनुकं घातलेले, चमकणारे जिवाणू आल्यापासून संसर्ग झालेला उंदीर मारून, अवयव बारीक कुटून, प्लेटवर (जिवाणू वाढवायच्या ताटलीवर) कॉलन्या, म्हणजे जिवाणूंपासून वाढलेले ठिपके, मोजणं कालबाह्य झालंय. कॅमेऱ्यात नेमका आकडा मिळतो, उरलेलं पीसीआर (डीएनए मोजणारी चाचणी) सांगतं. चित्रं देखणी असतात, त्यामुळे पटतंही पटकन.

'नेमका आकडा मिळतो.' कॅमेरा प्रकाश मोजतो, जिवाणू नव्हे. १९९५ साली जिवंत उंदरातल्या साल्मोनेलावर हे तंत्र दाखवलं गेलं. जिवाणूंना चमकवणाऱ्या या 'लक्स' जनुकांचा प्रकाश साधारण ४९० नॅनोमीटरचा, निळसर-हिरवा. रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषून घेतं. म्हणून कातडीजवळचे जिवाणू झगझगीत दिसतात, यकृतातले फिके. शिवाय या प्रकाशाला ऑक्सिजन लागतो. गळवाच्या आत तोच कमी, मग जिवाणू जिवंत असूनही अंधुक.

'अंधार झाला, संसर्ग संपला.' हा सगळ्यात घातक भाग. एकेका जिवंत जिवाणूची कॉलनी दाखवू शकणारी प्लेटसुद्धा शून्याची खात्री देत नाही. अवयवाचा दहावा भागच प्लेटवर लावला, तर पाच-दहा जिवाणू सहज निसटतात. १९५० च्या दशकात कॉर्नेलमध्ये क्षयाच्या उंदरांना १२ आठवडे आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड दिलं. प्लेटवर काहीच उगवेना. औषधं थांबवून तीनेक महिने गेल्यावर जवळपास एक तृतीयांश उंदरांत जिवाणू पुन्हा सापडले! आजही क्षयाच्या औषधांची खरी परीक्षा उपचार थांबवून, वाट पाहून होते. त्यात बेडाक्विलिनसारखं क्षयाचं औषध कुटलेल्या फुप्फुसासोबत प्लेटवर येतं आणि तिथेही वाढ रोखतं. म्हणून ते शोषून घ्यायला प्लेटवरच्या अगरमध्ये (जिवाणू वाढवायच्या जेलीत) कोळशाची पूड घालतात. हे न केलेलं 'शून्य' मी तरी मानत नाही.

'उरलेलं पीसीआर सांगतं.' डीएनए मेलेल्या जिवाणूचाही मोजला जातो. उपचारानंतर कॉलन्या हजारपटीने घटल्या तरी हा आकडा मागेच रेंगाळू शकतो. मात्र दोन्ही आकडे शेजारी ठेवले, तर किती जिवाणू मेले याचा अंदाज येतो. माकडांच्या क्षयगाठींत असं केलंही आहे.

'पद्धत जुनी आहे.' आहेच. गठ्ठ्याने चिकटलेल्या जिवाणूंची एकच कॉलनी होते, क्षयासाठी तीन-चार आठवडे थांबावं लागतं. कॅमेऱ्याचा खरा फायदा वेगळा: तोच उंदीर रोज पाहता येतो, म्हणून कमी प्राणी लागतात. फक्त शेवटच्या दिवशी त्याच उंदरांच्या प्लेट लावून प्रकाश आणि कॉलन्या जुळतात का, हे दाखवायला हवं.