परीटघडीचं मत

अल्बम पूर्ण ऐकून मग मत देणारी माणसं असतात. बिचारी. ऐकल्यावर काय, कुणीही मत देईल. त्यात कसब कसलं? तुम्हाला जाणकार म्हणून मिरवायचं असेल तर दीड गाणं ऐकून, फार तर मुखपृष्ठ बघून मत देता आलं पाहिजे. आणि ते मत परीटघडीचं हवं. कडक इस्त्री, एक सुरकुती नाही, कुणी बोट लावायला धजू नये.

हात बसावा म्हणून लॅटिन पॉप, म्हणजे मुख्यतः स्पॅनिशमधलं पॉप, गाणाऱ्या बाईच्या पहिल्या इंग्रजी अल्बमपासून सुरुवात करा. याइतकं सोपं गिऱ्हाईक दुसरं नाही, कारण बाई काहीही करो, चूक तिचीच निघते. नमुना म्हणून शकीराचा 'लॉन्ड्री सर्व्हिस' घेऊ, नोव्हेंबर २००१चा. नावातच धुलाई. म्हणजे तुमच्या लेखाचा मथळा तिनेच फुकट देऊन ठेवलाय. प्रेम आणि संगीत म्हणजे साबण आणि पाणी, वर्षभर त्या दोन्हींत मी बुडालेली होते, म्हणून हे नाव, असं तिचं सांगणं होतं. पण तो खुलासा वाचायच्या भानगडीत पडू नका. खुलासा कळला की कोटी जाते.

सगळ्यात आधी तिला नवखी ठरवा. कोलंबियातल्या बार्रान्किया शहरातल्या या मुलीचा पहिला अल्बम १९९१ साली आला तेव्हा ती १४ वर्षांची होती. तो पडला. दुसराही पडला. १९९५च्या 'पिएस देस्काल्सोस'ने नशीब पालटलं, १९९८च्या अल्बमने स्पॅनिशभाषक मुलूख खिशात घातला. १९९९ साली गाब्रिएल गार्सिया मार्केसने, नोबेल मिळवलेल्या माणसाने, तिच्यावर लेख लिहिला. मग तिच्या 'अनप्लग्ड' या मैफलीच्या अल्बमला ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतला संगीताचा मोठा पुरस्कार, मिळाला. पण हे सगळं पडलं स्पॅनिशमध्ये, त्यामुळे घडलंच नाही असं धरायचं. २००१ साली ती थेट आभाळातून पडली, कोवळी, बावरलेली, तुमच्या मार्गदर्शनाची वाट बघत.

आता इंग्रजी. इथे सावकाश चला, खरा मलिदा इथेच आहे.

झालं असं, की दोन्ही भाषांत गाणाऱ्या ग्लोरिया एस्तेफान या गायिकेने तिला इंग्रजीत गायला भरीला घातलं आणि 'ओखोस आसी' या तिच्या गाण्याचं इंग्रजी करायला हातभारही लावला. तशीच बाकीची भाषांतरं गाऊन बाईला मोकळं होता आलं असतं. तिला ते पटलं नाही. तिने यमकांचे कोश आणले, कवी वॉल्ट व्हिटमन आणि कवी-गायक लेनर्ड कोहेन वाचत बसली आणि स्वतःच लिहायला लागली. इंग्रजीत पहिलं लिहिलं ते 'ऑब्जेक्शन', टँगोच्या अंगाचं. यावर दोन मतं इस्त्री करून ठेवा. कोश उघडून लिहिलं, तर 'आतून आलेलं नाही'. दुसऱ्याकडून लिहून घेतलं असतं, तर 'स्वतःचं काही नाही'. लागेल ते वापरायचं, उरलेलं पुढच्या गायिकेसाठी डांबरगोळी घालून कपाटात.

आणि हे मत लिहिणाऱ्याला स्वतःला स्पॅनिशमध्ये कॉफी मागवण्यापलीकडे काय येतं, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न असभ्य आहे असं सांगा.

मग डोंगरांकडे या. 'व्हेनेव्हर, व्हेअरेव्हर' या गाण्यात ती प्रियकराला म्हणते, माझे स्तन लहान आणि विनम्र आहेत ते बरंय, नाहीतर तू त्यांना डोंगर समजला असतास. या ओळीची टर तेव्हापासून आजवर उडवली जाते. स्पॅनिशमध्ये हिची जादू चालते, इंग्रजीत मात्र हिचं हसं होतं, असा सूर तेव्हाच्या अमेरिकन परीक्षणांत निघाला होता. तुम्हीही लावा. विनम्र स्तन! डोंगर! पुढे उद्गारचिन्हं हवी तेवढी.

फक्त एक पथ्य पाळा. त्याच अल्बमच्या शेवटाकडे 'सुएर्ते' नावाचं एक गाणं आहे, ते चुकूनही लावू नका. ते हेच गाणं आहे, स्पॅनिशमधलं. तिथेही स्तन आहेत, तिथेही डोंगर आहेत, आणि तिथे ती जादू आहे. म्हणजे डोंगर तेच, गल्लत तीच. एका भाषेत कल्पनाशक्ती आणि दुसरीत भाषेचा कच्चेपणा. फरक म्हणाल तर स्पॅनिशमध्ये ते स्तन नुसतेच लहान आहेत, विनम्र नाहीत. विनम्रपणा इंग्रजीत आला तो यमकाच्या ओढीने, आधीच्या ओळीतल्या पुटपुटणाऱ्या ओठांशी, 'मंबल'शी 'हंबल', जुळवून घ्यायला. यमकासाठी शब्द ओढून आणणं हा गुन्हा असेल तर आपल्याकडचे निम्मे गीतकार जामिनावर आहेत असं समजा.

(आपल्यापैकी काहींचे आजोबा पहाटे अंथरुणातून जमिनीला पाय लावण्याआधी एक श्लोक म्हणायचे. त्यात पृथ्वीला 'पर्वतस्तनमंडले' अशीच हाक आहे. आजोबांच्या भाषेची कीव कुणी केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. पण आजोबा काही अमेरिकेत अल्बम काढत नव्हते.)

याहून अवघड जागा म्हणजे 'पोएम टू अ हॉर्स'. घोड्याला कविता! इंग्रजी कानाला हे विचित्र लागतं, त्यामुळे परीक्षणात हमखास चालतं. गाण्यातली बाई वैतागलीय. याच्याशी बोलण्यापेक्षा काट्याने सूप प्यावं, न्यूयॉर्कात टॅक्सी चालवावी, याला काही सांगणं म्हणजे घोड्यापुढे कविता वाचण्यासारखं, असं तिचं म्हणणं. अडचण एवढीच की तुम्ही मराठी आहात. गाढवापुढे वाचली गीता, हे तुम्ही तिसरीपासून ऐकलंय, त्यामुळे गाणं पहिल्याच झटक्यात कळून जायचा धोका आहे. कळलं तरी चेहऱ्यावर दाखवू नका. 'प्रतिमांची ओढाताण' हे शब्द बरे पडतील. गाढवाच्या जागी घोडा आहे, एवढी बढती तरी तिने दिलीय, हेही मनातच ठेवा.

व्याकरण संपलं की 'अस्सल' हा शब्द काढा. हा जपून ठेवायचा शब्द आहे, सणासुदीला काढायचा. बाईने मुळं सोडली, अस्सल लॅटिन राहिली नाही, असं लिहायचं. कुठली मुळं, ते लिहायचं नाही, कारण तिथे गुंता आहे. वडिलांकडचं घराणं लेबनीज, वडिलांचा जन्म न्यूयॉर्कचा, घर कॅरिबियन किनाऱ्यावरच्या बंदरात. आणि 'व्हेनेव्हर, व्हेअरेव्हर'मध्ये वाजतात चरांगो हे छोटं तंतुवाद्य आणि बासऱ्या, अँडीज पर्वतावरच्या. रत्नागिरीच्या पोरीने गाण्याला पहाडी धून लावावी तसं. आता यातलं अस्सल काय आणि पातळ काय हे पाखडत बसलात तर सकाळ होईल. शब्द तेवढा वापरा आणि पुढे चला.

थोडा इतिहासही पेरा, मत भारदस्त दिसतं. १९९९ साली अमेरिकेवर लॅटिन गायकांनी चाल केली, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं. तुम्हीही तसंच म्हणा. या स्वारीचा सेनापती रिकी मार्टिन, पोर्तो रिकोचा. तिथली माणसं १९१७पासून अमेरिकेची नागरिक आहेत. सोबत मार्क अँथनी, जन्म न्यूयॉर्क. जेनिफर लोपेझ, जन्म न्यूयॉर्कमधल्याच ब्राँक्सचा. तिच्या पहिल्या अल्बमचं नाव 'ऑन द सिक्स', ती जिने ये-जा करायची त्या ६ नंबरच्या लोकल गाडीवरून. स्वतःच्याच शहरावर लोकलने येऊन चाल करणारी ही जगातली पहिली फौज असावी. त्याआधीची सेलेना तर टेक्ससची, घरात इंग्रजी बोलणारी. स्पॅनिश गाणी तिला उच्चार घोकून शिकावी लागली होती. मार्च १९९५ मध्ये तिचा खून झाला. जुलैत 'ड्रीमिंग ऑफ यू' आला आणि बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या, यादीत थेट पहिला लागला. तो तिचा इंग्रजीतला प्रवेश म्हणून ओळखला जातो. स्वतःच्या घरात शिरायला मुलीला मागच्या दाराने जावं लागलं, तेही मेल्यावर, असला कडवट विचार या लेखात बसत नाही. काढून टाका.

जुन्या चाहत्यांचं दुःख मात्र विसरू नका, त्याच्याशिवाय लेखाला ओल येत नाही. त्यांचं दुःख केसांत आहे. काळे होते, मग लाल झाले, २००१ला सोनेरी. गिटार घेऊन उभी राहणारी आमची पोरगी गेली आणि ही कोण कंबर हलवणारी आली, असं ते म्हणाले. इंग्रजीवाल्यांना ती पुरेशी इंग्रजी वाटली नाही, स्पॅनिशवाल्यांना पुरेशी स्पॅनिश. १३ गाण्यांतली ४ स्पॅनिश आहेत, हे दोघांनाही सांगू नका, भांडण मिटेल. आणि गाण्यांबद्दल काहीच सुचेनासं झालं, तर प्रियकर आहेच. तो अर्जेंटिनाच्या राष्ट्राध्यक्षांचा मुलगा होता, आणि अल्बम बाजारात येऊन सव्वा महिना होतो न होतो तोच वडील राजीनामा देऊन हेलिकॉप्टरने राजवाड्याच्या गच्चीवरून निघून गेले. याचा गाण्यांशी काही संबंध नाही. अशा गोष्टी परीक्षणात फार शोभून दिसतात.

राहिली विक्री. हे जरा अवघड जागेचं दुखणं. अल्बम अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर उतरला, पहिल्या आठवड्यात दोन लाखांवर प्रती, आणि पुढे जगभरात एक कोटीच्या वर गेला. घाबरू नका. खपला नसता तर 'लोकांनी नाकारलं' लिहिलं असतं. खपला तर 'लोकांना काय कळतं' लिहा. पहिल्या वाक्यातले लोक आणि दुसऱ्यातले लोक तेच आहेत, हे कुणी ताडून बघत नाही.

शिवाय हा घडी घातलेला लेख वाया जात नाही. २००२ला पाउलिना रुबिओचा इंग्रजी अल्बम आला, २००३ला थालियाचा. दोघी मेक्सिकोच्या. नाव बदला, केसांचा रंग तपासून घ्या, पाठवून द्या.

आणि २००७च्या मार्चमध्ये शकीरा मुंबईत गायली, तेव्हा तुम्ही वांद्र्याच्या मैदानात शेवटपर्यंत नाचला होतात, याचे फोटो असतील तर ते आधी उडवा.

आता पंचाईत वेगळीच झालीय. पोर्तो रिकोच्या बॅड बनीने २०२२ साली अख्खा अल्बम स्पॅनिशमध्ये काढला. यमकांचा कोश नाही, व्हिटमन नाही, कुणाला समजून सांगण्याची तसदी नाही. तो वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमच्या ग्रॅमीसाठी नामांकित झाला. असा मान मिळालेला पहिला पूर्ण स्पॅनिश अल्बम. पठ्ठ्याने सोहळ्याची सुरुवातही केली, गाऊन आणि नाचून. आता इंग्रजी कच्चं आहे म्हणायला इंग्रजीच नाही! तुमच्यासारख्या जाणकाराने काय करावं?

चिंता नको. त्या रात्री टीव्हीच्या पडद्यावर खाली मजकूर देणाऱ्याने वाट दाखवून ठेवलीय. तो पठ्ठ्या भर सभेत गात होता आणि ऐकू न येणाऱ्यांसाठी खाली अक्षरं उमटत होती: 'इंग्रजी नसलेल्या भाषेत गायन'. बस. ना ऐकायची गरज, ना कळायची. लिहून घ्या.