पैसे आधी, सुई नंतर

नाक, कान, भुवई टोचायला येणाऱ्यांकडून मी पैसे आधी घेते. यावरून परवा एका ओळखीच्या काकांनी मला सुनावलं, "ताई, कोल्हापुरात धंदा माणुसकीवर चालतो. उधारी बंद करून कसं भागंल?" माझं मत एकदम उलट आहे. आमच्या कामात उधारी ठेवणं गिऱ्हाइकाच्याच जिवावर बेततं.

हेलिक्स म्हणजे कानाच्या वरच्या कडेचं पिअर्सिंग. ते पुरतं भरायला सहा महिने ते वर्ष जातं. सूज येणार हे धरून सुरुवातीला लांब दांडीचा दागिना घालतात आणि काही आठवड्यांनी सूज उतरली की आखूड दांडी बसवतात. म्हणजे माणसानं परत यायलाच लागतं. आणि ज्याचे पैसे राहिलेत तो नेमका येत नाही. राजारामपुरीत मी समोरून दिसले की लोक गल्ली बदलतात. कॉलेजची एक पोरगी आठशे रुपये राहिले म्हणून अशीच तोंड चुकवत राहिली. आली तेव्हा मागची चकती निम्मी कातडीत रुतलेली, कान लालभडक, बोट लावू देईना. म्हणाली, "पैसे जमले नव्हते ताई, कुठल्या तोंडानं येऊ?" तशीच तिला डॉक्टरांकडं पाठवली. आठशे रुपयांसाठी कान पणाला लावला पोरीनं!

म्हणून जुनी बाकी असलेल्या सगळ्यांना सांगते: दुखतंय, पू येतोय, तर आधी या. जखम बघताना मी पैशाचा विषय काढत नाही. वसुलीचा फोन वेगळ्या दिवशी करीन, आणि तो नक्की करीन.

पार्लरवाल्यांचं मात्र मला खरंच समजत नाही. मला बोलावून घेतात, गिऱ्हाइकाकडून पैसे तिथल्या तिथं घेतात आणि माझा वाटा मागितला की "देतोय की, कुठं पळून चाललोय व्हय?" टायटॅनियमचे दागिने मी रोखीनं आणते. सुई एकदा वापरली की टाकायची. अवजारं वाफेनं निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर १५ मिनिटं चालतो, त्याचं लाईट बिल कुणी उधार ठेवत नाही. बाळाचे कान टोचणाऱ्या सोनाराला कुणी "पुढच्या महिन्यात देतो" म्हणतं का?

माझ्यासारखं एकट्यानं काम करणाऱ्यांनी सरकारकडं लहान धंद्याची उद्यम नोंदणी करून ठेवा, फुकट होते. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांच्या, कायद्यानं लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागतं. बिल त्याच दिवशी तारीख घालून व्हॉट्सॲपवर टाका, आलेलं उत्तर जपून ठेवा. आणि फार काळ गप्प बसू नका, केलेल्या कामाच्या पैशांसाठी दावा लावायची मुदत साधारण ३ वर्षांचीच असते.

मी स्वतः आता जुनी बाकी मिटल्याशिवाय त्या पार्लरची पुढची तारीख घेत नाही. ओळख कितीही जुनी असली तरी.