गाव दत्तक घेणाऱ्यांनो, मागच्या वर्षीचे फॉर्म कुठे आहेत?

आमचं सासरचं गाव गेली तीन वर्षं तालुक्याच्या एका कॉलेजनं दत्तक घेतलंय. कॉलेजचं वय पंचवीस-तीस. गावातलं भैरोबाचं देऊळ कधीचं ते कुणालाच सांगता येत नाही. इतक्या म्हाताऱ्या पोराला इतक्या कोवळ्या आईबापांनी दत्तक घेतल्याचं उदाहरण जगात दुसरं नसावं.

दर जानेवारीत एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, श्रमसंस्कार शिबिर येतं. ज्यांनी केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. सात दिवस मुक्काम झेडपीच्या शाळेत, पहाटे प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी जेवण झाल्यावर डोळे मिटत असताना बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. मीही कॉलेजात असताना केलंय. छातीवर कोणार्कच्या चाकाचा बॅज लावून दुसऱ्याच एका गावात खड्डे खणलेत. घराबाहेर सात दिवस राहायची माझी ती पहिलीच वेळ. मला भाकरी थापता येत नाही हे तिथे अख्ख्या गावाला कळलं आणि एका काकूंनी मला चुलीपुढे बसवून ती शिकवली. त्या शिबिराबद्दल माझ्या मनात आजही माया आहे.

पण आता ग्रामपंचायत सदस्य म्हणून तेच शिबिर दुसऱ्या बाजूनं बघते, तेव्हा हिशेब उलटा दिसतो. त्या सात दिवसांत शिकले मी. भाकरी शिकवली गावानं, शाळा दिली गावानं, शेवटच्या दिवशी गोडाचं जेवण घातलं तेही गावानं. आणि अहवालात 'सेवा' लिहिली ती आम्हा विद्यार्थ्यांच्या नावावर! विद्यार्थ्यांना गाव दाखवायचंय, तर तसं खुल्या दिलानं म्हणा. ते फार चांगलं काम आहे. पण मग आभार कुणी कुणाचे मानायचे?

एनएसएस सुरू झाली 24 सप्टेंबर 1969 ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 37 विद्यापीठांत. शिकणाऱ्या पोरांनी गावात राहावं, हातानं काम करावं, ही कल्पना आजही मला पटते. बिघडलंय ते वेळापत्रक आणि कागद.

आधी वेळापत्रक. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालतात, तो पाऊस उघडल्यावर, ओढा वाहता असताना. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तेव्हा कॉलेजात परीक्षा, मग दिवाळी. शिबिर जानेवारीत. गेल्या जानेवारीत आमच्या ठणठणीत कोरड्या ओढ्यावर पन्नास पोरांनी दोन दिवस घाम गाळून बंधारा घातला. फोटो फार छान आले. पाणी काही आलं नाही, आणि जूनच्या पहिल्याच लोंढ्यात गोण्या खाली वाहून गेल्या. गावातल्या कुणाही म्हाताऱ्याला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. विचारलं नाही, आणि खरं म्हणजे आम्हीही सांगितलं नाही. पाहुणी पोरं, कशाला हिरमोड करा!

आता कागद. शिबिरात कुटुंब सर्वेक्षण असतं. माझ्या चुलतसासूबाईंच्या ओट्यावर एक मुलगा फॉर्म घेऊन बसला होता.

"आजी, घरात माणसं किती?"

"मागल्या साली सांगितली तेवढीच. एक कमी कर. म्हातारा गेला."

"शौचालय आहे का?"

"हाय की. तेबी लिवलंय मागं. त्या कागदाचं काय केलं रं पोरा?"

पोरगं गोंधळलं. म्हणालं, "सरांकडं आहेत."

सरांना मी विचारलं. सर हसले. तीन वर्षांचे गठ्ठे विभागाच्या कपाटात आहेत म्हणाले. मधल्या काळात सगळ्यांच्या मोबाइलमध्ये जीपीएस मॅप कॅमेरा आला. आता झाडू हातात घेतला की आधी अक्षांश-रेखांशासकट फोटो, कारण कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात विस्तारकार्याला गुण असतात. नव्या शैक्षणिक धोरणात तर त्याचे क्रेडिट मिळतात. सरांचा राग येत नाही मला. तास घ्या, पेपर तपासा, वर हे. त्यांनाही कुणी विचारत नाही की बाबा, गावाला काय मिळालं? विचारतात ते फक्त 'फोटो आहेत का' एवढंच.

दुसरीकडे, आमच्या घरात ज्या विद्यापीठाचं नाव शेतात रोज निघतं तिथे आम्ही कुणी कधी पाऊलही टाकलेलं नाही. "औंदा लागण दोनशे पासष्टची करायची" असं माझा दीर म्हणतो, तेव्हा तो राहुरीच्या कृषी विद्यापीठाबद्दलच बोलत असतो. त्या विद्यापीठाच्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून हे वाण आलं. चोपण-क्षारपड जमिनीतही तग धरतं म्हणून लोकांनी उचललं. तिकडे कोकणात 'वेंगुर्ला चार', 'वेंगुर्ला सात' ही काजूची नावं अशीच घरची झाली आहेत. या वाणांसाठी कुणी प्रभातफेरी काढली नव्हती. शेतकऱ्याची अडचण खरी धरून वर्षानुवर्षं त्यावर काम झालं, एवढंच. (कृषी विद्यापीठांसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या प्रकल्पग्रस्तांची आंदोलनंही आपण वाचत आलोय. त्यामुळे फार हुरळून जायलाही नको.)

आयआयटी मुंबईत 1985 पासून 'सितारा' नावाचं केंद्र आहे. तिथली मुलं गावात राहून नळपाणी योजना का बंद पडली, टाकीपर्यंत पाणी का चढत नाही, असले प्रश्न अभ्यासाला घेतात. गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठानं 'विद्यापीठ आपल्या गावात' म्हणत पदवीचे वर्गच गावात नेले, ज्यांचं शिक्षण अर्ध्यात सुटलं त्यांच्यासाठी. या दोन्ही ठिकाणी गावाची गरज आधी आहे, वेळापत्रक नंतर.

आमच्या गावातही एकदा असं घडलंय, म्हणून एवढं लिहिते आहे. त्याच कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या मॅडम दोन वर्षांपूर्वी शिबिरात एका दिवसाच्या व्याख्यानाला आल्या होत्या. 'जीवनातील रसायनशास्त्र' वगैरे विषय होता. व्याख्यान संपल्यावर बायकांनी त्यांना घेरलं. हंड्याला पांढरा थर का बसतो, डाळ का शिजत नाही, हे पाणी लेकरांना चालेल का. मॅडमनी व्याख्यानाचं मानधनाचं पाकीट पर्समध्ये टाकलं आणि रिकाम्या बाटल्या मागितल्या. आम्ही बारा ठिकाणचं पाणी भरलं, प्रत्येक बाटलीला चिकटपट्टी लावून त्यावर पेननं नाव लिहिलं: शाळेचा हापसा, वरची आळी, मळ्यातली विहीर.

तीन आठवड्यांनी मॅडम परत आल्या. एसटीनं, एकट्या. बारा ओळींचा तक्ता हातानं लिहून आणला होता. दोन हापशांच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या मर्यादेबाहेर होतं. दोन्ही हापसे उकिरड्यांना लागून. त्यांनी बायकांना समजावलं की पाणी उकळून नायट्रेट जात नाही, अंगावरच्या दुधाबरोबर वरचं दूध पावडरीचं करत असाल तर या पाण्यात करू नका. त्या दोन हापशांवर आम्ही लाल रंगानं फुली मारली. उकिरडे हलवायला मात्र चार महिने आणि तीन भांडणं लागली. एक भांडण माझ्याच घरात झालं.

त्या दिवशी फोटो कुणी काढलाच नाही. मॅडमच्या त्या फेरीचा कॉलेजच्या अहवालात उल्लेखही नाही, मी बघितलाय. तक्ता अजून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहे, कडा पिवळ्या पडल्यात.

यंदाच्या शिबिराचं पत्र परवा आलं. शाळेच्या दोन खोल्या, पिण्याच्या पाण्याची सोय आणि शेवटी 'काम समाधानकारक झाले' असा दाखला, अशी मागणी आहे. सरपंचांनी होकाराच्या पत्रावर सही केली, आणि मी त्यांना विचारून खाली हातानं दोन ओळी वाढवल्या. बंधारा घालायचा असेल तर दिवाळीनंतरच्या आठवड्यात या, गोण्या आम्ही देऊ. आणि येताना मागच्या तीन वर्षांचे सर्वेक्षणाचे फॉर्म घेऊन या, ग्रामसभेत वाचायचे आहेत.

उत्तर अजून आलेलं नाही. चुलतसासूबाई मात्र रोज विचारतात.