न, ण आणि बसलेला आवाज

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर कुणीतरी एक क्लिप टाकली. शाळेच्या कार्यक्रमात एक शिक्षिका पाणी वाचवण्याबद्दल बोलतायत, आणि दर वाक्यात ‘पानी’. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मग एका काकांचा शेरा : ‘अशांना आधी स्पीच थेरपी द्या, मग शिकवायला पाठवा.’ त्यावर धडाधड अंगठे.

तो ग्रुप मी म्यूट करून ठेवलाय. पण स्पीच थेरपी म्हटल्यावर गप्प बसवेना. ध्वनिविज्ञान आणि आवाजाचे विकार, यावरच मी सतरा वर्षं पोट भरते आहे, त्यातली बारा एडिंबरात.

काका, ‘पानी’ म्हणणं हा विकार नाही. ज्या घरात माणूस बोलायला शिकला, त्या घरासारखंच तो बोलत असेल तर त्याच्या जिभेत काही बिघडलेलं नसतं. आणि शुद्धच हवं असेल तर ‘पाणी’ आलं संस्कृत ‘पानीय’वरून. तिथे न आहे. ‘लोणी’ आलं ‘नवनीत’वरून, तिथेही न. उलट कर्णाचा आपण कान केला, पर्णाचं पान केलं, आणि काकांनी आजवर ‘माझा काण दुखतोय’ म्हटल्याचं मला आठवत नाही. स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजाच्या आलेखावर, ण शोधायचा तर आधीच्या स्वराचा शेवट बघायचा. जीभ मागे वळू लागली की तिसरा फॉर्मंट (तोंडाच्या पोकळीत घुमणाऱ्या आवाजाचा आलेखावरचा तिसरा ठळक पट्टा) खाली घसरतो. फरक आहे तो एवढा. त्यावरून कुणाची अक्कल मोजायची सोय अजून निघालेली नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. काकांचं उत्तर : ‘तिकडे बसून बोलणं सोपं आहे.’

मग हेडफोन लावून मी ती क्लिप पुन्हा ऐकली, आणि ‘पानी’ बाजूलाच राहिलं. बाईंचा आवाज बसलेला होता. वाक्य संपता संपता हवा निसटत होती, वरच्या पट्टीत गेल्या की एखादं अक्षर मुकंच जात होतं. जपानचे घशाचे डॉक्टर मिनोरू हिरानो यांच्यामुळे जगभर गेलेली एक मोजपट्टी आम्ही वापरतो : एकूण बिघाड, खरखर, निसटणारी हवा, क्षीणपणा आणि ताण, प्रत्येकाला ० ते ३ गुण. माझा हात आपोआप कागदाकडे गेला. (मोबाइलच्या क्लिपवरून निदान करू नये म्हणून विद्यार्थ्यांना ओरडणारीही मीच. स्वरतंतू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काही म्हणता येत नाही.)

बाईमाणूस बोलते तेव्हा तिचे स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आपटतात. पाच-सहा तास, भरलेल्या वर्गात, पंख्याच्या घरघरीवर चढवून बोलायचं म्हणजे किती वेळा, ते करा हिशेब. अमेरिकेत आयोवा आणि युटा राज्यांतली एक मोठी पाहणी २००४मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ११ टक्के शिक्षकांना त्या वेळी आवाजाचा त्रास होता, इतरांमध्ये ६.२ टक्के लोकांना. आयुष्यात कधी ना कधी त्रास झालेले शिक्षक ५७.७ टक्के, इतर २८.८. त्या ग्रुपमध्ये तीन निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनीही ‘पानी’तला न पकडला, घसा नाही. आपल्याकडे बाईंचा घसा बसणं म्हणजे बाई मन लावून शिकवतात याचा पुरावा. इथे एडिंबरात तीन आठवडे आवाज बसून राहिला तर जीपी, म्हणजे आपला नेहमीचा डॉक्टर, तज्ज्ञाकडे रेफरल टाकतो, आणि उच्चारावरून स्टाफरूममध्ये असला शेरा मारला तर एचआरचा मेल येतो.

हे शेवटचं वाक्यही मी ग्रुपवर टाकलं होतं. आता वाचते तर त्यातलं अर्धं खोटं आहे. याच शहरातल्या माणसांच्या आवाजावर ध्वनिवैज्ञानिक जॉन एस्लिंग यांनी काम केलं, १९७८मध्ये. समाजाच्या वरच्या थरातल्या लोकांत चरचरीत आवाज जास्त, खालच्या थरात कुजबुजता आणि खरखरीत. म्हणजे न-ण पर्यंत जायचीही गरज नाही, गळ्याच्या पोतातच पायरी कळते. एचआर त्यावर मेल कशाला पाठवील?

आणि मी स्वतः? पहिल्या वर्षी शिकवताना मी ‘व्हॉवेल’ म्हणायचे आणि पोरांना ‘वॉवेल’ ऐकू यायचं. मागच्या बाकांवर हसू. दोन महिने आरशासमोर खालचा ओठ दातांखाली दाबून मी ते व्यंजन बसवलं. व्यवसायाची गरज म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं.

परदेशी लोकांसमोर मराठीचं नाव काढलं की मी एक गोष्ट हमखास सांगते. १९६४मध्ये लिस्कर आणि अब्रॅमसन या ध्वनिवैज्ञानिकांनी अकरा भाषांतली स्पर्शव्यंजनं (प, ब, त, द, क, ग यांसारखी) मोजली, त्यांत मराठी होती. स्वरतंतूंचा कंप नेमका कधी सुरू होतो, या एका मापाने बहुतेक ठिकाणी त्यांचं भागलं. आपल्या ब आणि भ मध्ये मात्र ते माप अडलं. भ मध्ये स्वरतंतू कापतात आणि हवाही निसटते. क्लिनिकमध्ये जी हवा दुखण्याचं लक्षण, तीच आपल्याकडे बार आणि भार वेगळे करते. हे सांगताना माझी मान ताठ होते. कुठली मराठी, कुणाची मराठी, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

आमच्या घरात सगळे ‘पानी’च म्हणतात. आई अजून म्हणते. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी ण घोटून घेतला, तोही आरशासमोरच, आणि सुट्टीत घरी गेल्यावर थोरली बहीण म्हणाली, ‘ही आता पाहुण्यांसारखी बोलती.’ काकांना हे ठाऊक नाही. ते माझ्या सासरकडचे.

क्लिप ऐकून झाल्यावर मी माझ्या प्रबंधाच्या जुन्या ध्वनिफिती उघडल्या. उपकरणं तपासायला पहिली वक्ता मीच होते. प्रत्येक वक्त्यापुढे एक रकाना आहे : घरची बोली. माझ्या नावापुढे माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘प्रमाण मराठी’. ते मी अजून खोडलेलं नाही.