मामाच्या बनियनवरचा डाग

मामीनं धुणं भिजवताना बघितलं, बनियनवर डाव्या बाजूला रुपयाएवढा तांबूस डाग. मामा म्हणाला, "पेंढ्या उचलताना खरचटलं असंल की." दुसऱ्या दिवशी परत तिथंच डाग. गाठ त्याला चार महिन्यांपासून लागत होती, हे मागाहून कळलं. दुखत नव्हती म्हणून गप्प.

मामा येळ्ळूरकडचा, तरुणपणी तालमीत घुमलेला. जन्म उघड्या अंगानं शेतात गेला. तोच माणूस विहिरीवर आंघोळीलाही शर्ट घालून जायला लागला, आणि घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

बायोप्सीचा रिपोर्ट आला तेव्हा बरं होईल का, हे त्यानं विचारलंच नाही. म्हणाला, "ह्ये बायकांचं न्हवं?" पुरुषाच्या निप्पलमागंही थोडी स्तनग्रंथी असते, डॉक्टरांनी समजावलं. शंभर स्तनकर्करोगांत पुरुषाचा जेमतेम एक, तोही बहुतेक साठीच्या पुढं. पण त्या एकानं बसायचं कुठं? मामा बायकांच्या रांगेत बसला की सिस्टर मामीला आत बोलवायची. फॉर्मवर शेवटच्या पाळीची तारीख होती, मी तिथं आडवी रेघ मारली. मामानं बघितलं आणि खिडकीकडं तोंड फिरवलं.

उपचार बायकांसारखेच. पुरुषाच्या छातीत ग्रंथी थोडकी, म्हणून बहुतेकदा निप्पलसकट सगळंच काढतात, काखेतल्या गाठी तपासतात. मग गरजेप्रमाणं किमो, लाईट (म्हणजे रेडिएशन). पुरुषांत दहातल्या नऊ गाठी इस्ट्रोजेन या बायकी हार्मोनवर पोसलेल्या असतात (ते पुरुषाच्याही अंगात असतं, मला तेव्हाच कळलं). म्हणून त्याला अडवणारं टॅमॉक्सिफेन, रोज एक गोळी, निदान ५ वर्षं. मेडिकलमधल्या पोरानं चिठ्ठी बघून विचारलं, "मामींची काय?" मामा "व्हय" म्हणाला. या गोळीनं अंगातून वाफा येतात, इच्छा मरते, पोटरी सुजली तर रक्त गोठल्याची शंका धरून लगेच दवाखाना गाठायचा. बरेच पुरुष ती मध्येच सोडतात. सांगणार कुणाला?

ऑक्टोबरात स्तनकर्करोगाचे गुलाबी फलक लागतात, त्यावर एक मिशीवाला दिसत नाही. पण माझा राग फलकांवर नाही. भाऊबंदांत "छातीत चरबीची गाठ होती, काढली" हे मीच सांगत फिरलो. आईलासुद्धा तेच.

मग मामाच्या रक्ताची तपासणी झाली, बीआरसीए-२ या जनुकात दोष निघाला, या कर्करोगाचा धोका वाढवणारा. म्हणजे खानापुरात दिलेल्या त्याच्या लेकीत तो उतरला असण्याची शक्यता निम्मी. आणि सख्ख्या बहिणीतही तेवढीच. माझ्या आईत. कुणाची लाज झाकत होतो आम्ही, आणि कुणाच्या जिवावर!

परवा मामा एकटाच आमच्याकडं आला. चहा झाला. काही न बोलता त्यानं वरची तीन बटणं सोडली. आई त्या आडव्या व्रणाकडं बघत राहिली, मग म्हणाली, "मलाबी दाखवायला पाहिजे, न्हवं रे?"

सोमवारची वेळ घेतलीय. ताई खानापूरहून येतीय.